आम्ही टेकडी साफ केली

मी जिथे गेले होते त्या गावाचं नाव इथे देणार नाही. दिलं तर पुढच्या पावसाळ्यात आणखी एखादं मंडळ बॅनर घेऊन तिकडे पोचेल, आणि त्या गावाने आधीच बरंच सोसलं आहे. एवढंच सांगते की इंदूरहून महू आणि मानपूर मागे टाकलं की माळव्याचं पठार एकाएकी संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. त्या उतारावर, मुख्य रस्ता सोडून जीपने तासभर आत, भिल्लांची तीसेक घरं आहेत. एक घर एका टेकाडावर, दुसरं दुसऱ्या. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात दोन घरांमध्ये भिंत असते, इथे दोन घरांमध्ये मक्याचं शेत असतं. भांडणं दोन्हीकडे सारखीच ऐकू येतात.

गावामागची टेकडी एप्रिलमध्ये जळाली. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळापर्यंत ती बातमी पोचायला जून उजाडला. मंडळाचे अध्यक्ष दिघेसाहेब हे निवृत्त इंजिनियर. त्यांनी बातमी वाचली त्याच दिवशी कार्यक्रमाचं नाव ठरवलं : ‘जळालेल्या टेकडीला नवजीवन’. टेकडी त्यांनी पाहिली नव्हती, पण नावाला त्याची गरज नव्हती. जुलैच्या शेवटच्या रविवारी बस भरून माणसं आणि ट्रक भरून रोपं न्यायची असं ठरलं. आधी कुणीतरी जाऊन जेवणाची, पाण्याची आणि बायकांच्या सोयीची व्यवस्था बघायला हवी होती. कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली आणि घरी कुणी वाट बघत नसलेली बाई मंडळात एकच होती.

"ताई, तुम्ही गुरुवारीच निघा," दिघेसाहेब म्हणाले. "जरा नेचरमध्ये राहणं पण होईल. कालूसिंग म्हणून चौकीदार आहे तिथला, वो सब देख लेगा."

गुरुवार

जीपने मला सोडलं तिथे कालूसिंग उभा होता. पन्नाशीचा, काटक, अंगात खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर, हातात विळा. उन्हाळ्याचे चार महिने आगीवर नजर ठेवायला त्याला रोजंदारीवर घेतात. शर्ट त्या चार महिन्यांचा आहे, पण शर्ट आणि काम दोन्ही तो बाराही महिने चालवतो.

"बाईजी, पहले चाय या पहले डूंगर?" त्याने विचारलं.

मी डोंगर म्हणाले. (त्याची बोली भिली, निमाडी आणि हिंदी यांची मिसळ होती. पुढे मी ती बहुतेक मराठीतच लिहिते आहे.)

आजूबाजूला सगळं हिरवं होतं, इतकं हिरवं की डोळ्यांना त्रास व्हावा, आणि त्याच्या मधोमध ती टेकडी तव्यासारखी काळी. उभी जळालेली खोडं, फांद्या नाहीत, साल सोललेली. राखेतून उठून उभं राहण्याच्या गोष्टी मी आयुष्यभर वाचल्या आहेत, पण राख पावसात भिजल्यावर कशी होते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती खळीसारखी होते. चपलेला चिकटते, चपलेबरोबर पाय ओढते, आणि वास येतो विझलेल्या चुलीचा, पण चूल एवढी मोठी की तिच्यात उभं राहून आपण आपलंच घर बघतो आहोत असं वाटतं. पक्षी नव्हते. किडे नव्हते. मी एका बुंध्यावर टेकले आणि उठले तेव्हा माझी पांढरी सलवार मागून काळी झाली होती.

"सगळं गेलं म्हणायचं," मी म्हणाले.

"काय गेलं?" कालूसिंगने विचारलं. खरोखरच न कळल्यासारखं.

मी जिथे उतरणार होते तो शाळेचा वर्ग गळत होता, म्हणून मी चौकीदाराच्याच घरी राहिले. त्याची बायको रेमाबाई माझी सलवार बघून तोंडाला पदर लावून हसली. पदर धरलेल्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती, अजून गुलाबी. रात्रीच्या जेवणाला तिने पानिये केले. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या दोन पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजायचे. पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात. मी इंदूरहून शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला नेला होता. रेमाबाईने जिरावणाची चिमूट हुंगली, शेजारणीला हाक मारून तिलाही हुंगवली, आणि दोघी एकापाठोपाठ एक शिंकल्या. माझ्या पाहुणचाराची परतफेड एवढ्यावर झाली.

जेवण झाल्यावर शेवेची रिकामी पिशवी हातात घेऊन मी घरभर बघत होते. माझ्या स्वयंपाकघरात कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे आहेत, ओल्याचा वेगळा, सुक्याचा वेगळा, आणि सकाळी गाडी आली की मी शाळेच्या मुलीसारखी दारात उभी असते. आम्हा इंदूरवाल्यांना हातात कचरा घेऊन उभं राहणं जमतच नाही. इथे डबा नव्हता. रेमाबाईने माझ्या हातातून पिशवी घेतली, धुतली, उलटी वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात मीठ भरलं.

शुक्रवार

सकाळी कालूसिंग मला वर घेऊन गेला. मी पुढे बघत चालत होते, तो पायाकडे. एका काळ्या खुंटाशी तो बसला. मला तिथे काहीच दिसलं नाही. मग त्याने विळ्याच्या टोकाने राख बाजूला केली आणि बुंध्याच्या तळाशी तांबूस रंगाची चार पानं दिसली, नखाएवढी.

"धावडा," तो म्हणाला. "वरचं घर जळालं. माणूस खाली आहे."

त्याने बोटांनी माती उकरली. वर पेन्सिलीएवढा कोंब, खाली मांडीएवढं मूळ. तसं त्याने मला तासाभरात कितीतरी दाखवलं. अंजन, खैर, तेंदू, मोह. तेंदूची काही झाडं लहानपणापासून दर दोन-तीन वर्षांनी आगीत होरपळतात. वरचं दर वेळी मरतं, आणि खालचं दर वेळी जाड होतं. असं करत करत एका वर्षी मुळात इतकी ताकद साठते की कोंब आगीच्या उंचीच्या वर निघून जातो, मग ते झाड होतं. मला आमच्या कॉलेजातले काही प्राध्यापक आठवले. त्यांचं नेमकं उलटं होतं.

एकदा बघायची सवय झाल्यावर टेकडी मला पहिल्या दिवसासारखी दिसेना. काळं होतंच, पण काळ्याच्या पायाशी सगळीकडे तांबूस, पोपटी, मऊ. पळसाची नवी पानं तर ताटाएवढी. आगीनंतर पहिलं पान नेहमी मोठं येतं, कालूसिंग म्हणाला; खाली मूळ मोठं आणि वर तोंड एकच. रात्रीच्या पानियांची पानं इथलीच होती.

त्याने केलेलं काम फार थोडं होतं, आणि ते चटकन दिसत नव्हतं. जळून पडलेले ओंडके त्याने उताराला आडवे लावले होते आणि खाली दगडाची पाचर मारली होती. वरून वाहून येणारी राख, माती, बी त्या ओंडक्यांमागे अडत होतं. प्रत्येक ओंडक्यामागे हाताएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी उगवली होती. आणि जिथे जिथे मुळातून कोंब आला होता तिथे त्याने चिंधी बांधली होती. आधी रेमाबाईच्या लाल लुगड्याच्या चिंध्या. लुगडं संपलं तेव्हा खताच्या पोत्याच्या पट्ट्या.

"या कशाला?" मी विचारलं.

"पटेलसाठी. त्याचे डोळे आता अधू झालेत. कोंब दिसणार नाही त्याला. चिंधी दिसेल, मग वाकून बघेल."

"पटेल म्हणजे गावचा मुखिया ना? त्याने कशाला बघायचं?"

तो विळ्याला लागलेली राख धोतराला पुसत राहिला.

"आग आमच्या मोहाखालून लागली, बाईजी."

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात पडली तर वेचायला त्रास, म्हणून हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करतात. सगळं गाव करतं, आणि विझेपर्यंत तिथे बसून राहतं. रेमाबाईही बसली होती. दुपारी वारा फिरला. ती हिरव्या डहाळीने झोडपत राहिली, हात त्यातच भाजला, आणि आग तिच्या डोक्यावरून वर गेली. दोन दिवस टेकडी जळत होती. पटेलची म्हैस खालच्या उतारावरच्या गोठ्यात बांधलेली होती. तिच्यापर्यंत कुणी पोचू शकलं नाही. आगीवर नजर ठेवायला नेमलेल्या माणसाच्या घरातून आग, हे गावात कुणी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणण्याची गरज नव्हती.

जूनमध्ये गाव जळालेल्या टेकडीवर शेळ्या सोडायला निघालं, कारण नवं गवत पहिल्यांदा तिथेच येतं. तेव्हा कालूसिंग चावडीवर उभा राहिला आणि म्हणाला, दोन पावसाळे टेकडी बंद ठेवा. काही लावू नका, काही करू नका, नुसती सोडा. आपोआप येईल. लोक हसले. पटेल हसला नाही. त्याने मुदत घातली : पुढच्या महिन्यातल्या अमावस्येपर्यंत. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, सगळे मोकळे असतात. त्या दिवशी सगळ्यांनी वर जायचं. झाडं परत येताना दिसली तर टेकडी दोन पावसाळे बंद. नाही दिसली तर कालूसिंगने तोवर घातलेलं काट्यांचं कुंपण काढायचं, आणि जंगलाच्या गोष्टीत कालूसिंगने पुन्हा तोंड उघडायचं नाही. कालूसिंगने त्याच आठवड्यात घरच्या सगळ्या शेळ्या रेमाबाईच्या माहेरी पोचवल्या.

अमावस्या येत्या सोमवारी होती.

"आणि शेळ्या सोडल्या तर?"

"सागाला त्या तोंड लावत नाहीत. घाणेरीला लावत नाहीत. बाकी सगळं खातात. मूळ पुन्हा कोंब काढतं, त्या पुन्हा खातात. दोन-तीन वर्षं असं झालं की मूळ पण थकतं." त्याने उकरलेली माती धावड्याच्या मुळावर परत लोटली आणि तळहाताने थापली. "मग खाली कुणी राहत नाही."

शनिवार

गावात मोबाइलला सिग्नल एका खडकावर मिळतो. खडकावर चढून मी दिघेसाहेबांना फोन केला.

"साहेब, वर टेकडीवर काही लावायचं नाही. वर मुळांतून आपोआप येतंय. खड्डे खणले तर मुळं तुटतील."

"आपोआप?" दिघेसाहेबांच्या आवाजात अभियंत्याचा अविश्वास होता. "बरं, तुम्ही म्हणता तर खाली रोडसाइडला लावू. उलट चांगलंच, सिनियर लोकांना चढायला नको. टेन्शन नै लेना ताई."

मी खडकावरून उतरले तेव्हा मला वाटलं, काम झालं. खणण्याबद्दल बोलून झालं होतं. आणखी कशाबद्दल बोलायला हवं हे मला सुचलं नाही. माणूस स्वतःच्या सवयींना धोका समजत नाही.

दुपारी पटेलकडे गेले. बोंदर पटेल खाटेवर बसला होता, पायाशी दोन कोंबड्या. सत्तरीच्या पुढचा, डोळ्यांत पांढरट झाक.

"तुमचं शहर सगळ्यांत साफ आहे म्हणे," तो म्हणाला.

"म्हणतात तसं."

"म्हशी कुठे ठेवता?"

"आता ठेवत नाही कुणी."

त्याने यावर विचार केला. "मग साफ काय करता?"

मी टेकडीचा विषय काढला. कोंब मी स्वतः पाहिले आहेत असं सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला.

"कालू म्हणतो येईल. त्याला तसं म्हणावंच लागतं, बायको त्याची आहे. तुम्ही त्याच्या घरी जेवता, तुम्हालाही म्हणावं लागतं." हे तो अजिबात चिडून म्हणाला नाही. "परवा मी जाईन. हाताला लागलं तर मानेन. मला कालूशी वैर नाही, बाईजी. म्हैस गेली ती काय त्याने मारली? पण माझ्या सुनेच्या शेळ्या दोन महिने बाभळीच्या शेंगा खाऊन आहेत. शेंगा आता संपल्या."

निघताना त्याने मला एक कोंबडी देऊ केली. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे प्रथमच सहानुभूतीने बघितलं.

रविवार

बस सकाळी नवाला आली. आधी बॅनर उतरला, मग माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावर मंडळाची हिरवी टोपी होती. रोपांमध्ये गुलमोहर होते, कण्हेर होती आणि काही पाम होते, जे कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलबाहेरून आले असावेत. खड्डे आदल्या दिवशीच रस्त्याकडेला खणून ठेवलेले होते. एकेका रोपाला चार-चार जणांनी हात लावला, फोटो निघाले, आणि नवजीवन देऊन पाऊण तासात झालं.

मग सभा. दिघेसाहेबांनी टेकडीच्या पायथ्याशी कापडाचा मंच घातला होता, अशा बेताने की फोटोत वक्त्यांच्या मागे टेकडी यावी. कालूसिंगचा सत्कार होता. त्याला पहिल्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. नारळ मांडीवर धरून, टेकडीकडे पाठ करून तो दोन तास बसला. भाषणांत त्याला ‘वनपुत्र’ म्हटलं गेलं. एकदा तो उठायला लागला तेव्हा दिघेसाहेबांनी माइकवरून म्हटलं, "अरे बैठो भिया बैठो, आज तुम हीरो हो," आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या; गाव शेतावर होतं.

मी रेमाबाईबरोबर शाळेमागे स्वयंपाकाकडे होते. इंदूरहून आणलेला आचारी बाफल्यांचे, म्हणजे उकडून मग भाजायच्या कणकेचे, गोळे वळत होता. पाठीमागच्या शाळेच्या भिंतीआडून टेकडीचा वरचा भाग दिसत होता. तिथे हिरव्या टोप्या हलताना दिसल्या. भाषणं टाळून बरीच मंडळी वर गेली होती. ती वाकत होती, उचलत होती, पिशव्यांत भरत होती. मला वाटलं, आपल्याच लोकांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करताहेत. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच वाटला. मी रेमाबाईला म्हणालेसुद्धा, "बघ, आमचे लोक कुठेही गेले तरी कचरा मागे ठेवत नाहीत."

थोड्या वेळाने नेहा आली. ती पुण्याची, बँकेत नोकरीला, दोनच वर्षांपूर्वी इंदूरला आलेली, आणि नव्याने आलेले लोक जसे होतात तशी आमच्यापेक्षा जास्त इंदूरी. तिच्यामागे दोघांनी जळके ओंडके उचलून आणले होते.

"काकू, वरती ही लाकडं नुसती पडली होती. चुलीला चालतील ना?"

डाळीचं मोठं पातेलं अजून उकळलं नव्हतं. गोवऱ्या ओलसर होत्या. मी म्हटलं, चालतील की. पहिला ओंडका मी स्वतः आत सारला. दुसराही. तिसरा सारताना माझा हात त्याच्या खालच्या बाजूला लागला. तिथे ओली माती चिकटलेली होती, आणि मातीतून गवताची बारीक पांढरी मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती.

मी किती धावत वर गेले ते सांगत नाही. माझ्या वयाला ते शोभलं नसणार. रेमाबाई माझ्या पुढे होती.

टेकडी साफ होती. दुसरा शब्द नाही. आमच्या कॉलनीतली बाग दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी. ओंडके उचलले होते, पाचोळा खराट्याने ओढून ढीग केले होते, चिंध्या आणि पट्ट्या एकूण एक काढल्या होत्या, आणि चिंध्या ज्यांना बांधल्या होत्या ती ‘झुडपं’ही मोडून, उपटून काढली होती. तीस माणसं, दोन तास. इंदूरच्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. फक्त घाणेरी ठेवली होती, कारण तिला फुलं होती.

वाटेच्या कडेला पिशव्या ओळीने उभ्या होत्या. निळ्या पिशव्यांत चिंध्या आणि पोत्याच्या पट्ट्या. हिरव्या पिशव्यांत धावडा, अंजन, मोह.

"काकू, बघा ना," नेहा धापा टाकत मागून आली, "ओला-सुका एकदम नीट वेगळा केलाय."

मी तिला काय झालं ते सांगितलं. ती तिथेच राखेत खाली बसली. तिच्यावर मी रागावले नाही. चुलीत कोण काय सारत होतं ते मला माहीत होतं.

कालूसिंग शाल खांद्यावर तशीच घेऊन वर आला. मागोमाग दिघेसाहेब. कालूसिंगने एक हिरवी पिशवी उघडली, आत हात घातला, आणि काही तरी हाताला लागेल म्हणून चाचपत राहिल्यासारखा तसाच उभा राहिला.

दिघेसाहेबांना परिस्थिती समजायला वेळ लागला. समजली तेव्हा ते खरोखर शरमले, आणि शरमलेल्या माणसासारखे लगेच उपाय सांगू लागले. "पण मुळं तर आहेत ना आत? जड़ तो है भिया, फिर आ जाएगा."

"आ जाएगा साब," कालूसिंग म्हणाला. "कल नहीं आएगा."

"मग गावाला थोडं थांबायला सांगा."

पिशव्या तरी इथे राहू द्या, गावाला दाखवता येतील, असं मी म्हणाले. तोवर अर्ध्या बसच्या टपावर गेल्या होत्या. मंडळाचा नियमच होता तसा. मी आणि नेहाने एक हिरवी पिशवी ओढून काढली. जेवणं झाली. डाळ चांगली झाली होती असं सगळे म्हणाले. तीनला बस गेली.

सोमवार

अमावस्येला सकाळी गाव वर चढलं. पुरुष पुढे, बायका मागे. पटेलला त्याच्या नातवाने हाताला धरून आणलं. रेमाबाई आली नाही.

कालूसिंगने पिशवीतले कोंब पहाटेच काढून एका पोत्यावर ओळीने मांडले होते. रात्रीत ते सुकले होते. पटेलने एक उचलून बोटांत फिरवला.

"हे तोडलेलं आहे," तो म्हणाला. "तोडलेलं पान तर कुठूनही येतं, कालू. पलीकडच्या डोंगरावरून पण येतं. मला लागलेलं दाखव."

कालूसिंग गुडघ्यांवर बसला आणि त्याने माती उकरली. मूळ दाखवलं. पटेलने ते चाचपलं. "मूळ मेलेल्या झाडालाही असतं." कालूसिंग दुसरीकडे गेला, तिथे उकरलं. मग तिसरीकडे. लोक उभे राहून बघत होते, कुणी हसत नव्हतं. मला हसलेलं चाललं असतं.

मी पुढे झाले. चाळीस वर्षं पुस्तकांमध्ये काढलेल्या बाईला जेवढं नीट बोलता येतं तेवढं मी बोलले. कोंब होते. सगळीकडे होते. मी शुक्रवारी डोळ्यांनी पाहिले. काल आमच्या माणसांनी ते चुकून उपटले. टेकडी बंद ठेवली तर पावसाळा संपायच्या आत पुन्हा येतील. चूक आमची आहे, कालूसिंगची नाही.

पटेलने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काल तुम्ही इथे होतात?"

"होते."

"कालू होता?"

"होता."

"तुम्ही दोघं इथे असताना उपटले," तो म्हणाला. "आणि पुढे दोन पावसाळे राखायला कोण असणार? हाच."

मागून एक बाई म्हणाली, आगीच्या वेळीही हाच होता. कुणीतरी तिला गप्प केलं. पटेलने उताराकडे तोंड केलं, त्याला जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं, आणि म्हणाला की टेकडी मोकळी. कुणी आवाज चढवला नाही. मला वाटतं अनेकांना वाईट वाटलं. पण घरी शेळ्या ओरडत होत्या आणि ते खालपर्यंत, वरपर्यंत, सगळीकडे ऐकू येत होतं.

कुंपण कालूसिंगनेच काढलं. बाकीचे मदतीला पुढे झाले तर त्याने त्यांना थांबवलं. बांधताना कुठला काटा कुठे अडकवला आहे ते त्याला माहीत होतं. काटेरी फांद्या एकेक करून त्याने बाजूला लावल्या, आणि वाट मोकळी झाल्यावर स्वतः कडेला उभा राहिला.

पटेलच्या सुनेच्या शेळ्या पहिल्या आल्या. मला वाटलं होतं, उघडी टेकडी बघून त्या बिचकतील, इकडेतिकडे पळतील, परत फिरतील. तसं काही झालं नाही. त्या आत शिरल्या, पसरल्या, आणि प्रत्येक शेळीने मान खाली घातली. एक खुंटाशी थांबली, पुढच्या पायाने राख उकरली आणि जमिनीलगत उरलेलं काहीतरी ओरबाडून खाल्लं. मग दहा पावलांवर दुसऱ्या खुंटाशी. सगळ्या उतारावर तेच. माणसांना सकाळपासून एकही न सापडलेला कोंब त्यांना पावलापावलाला सापडत होता. चावण्याचा बारीक, ओला आवाज सगळीकडून येत होता.

पटेलला दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. त्याने मान तिरकी केली आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"काय खातात त्या?" त्याने नातवाला विचारलं.

"पानं," नातू म्हणाला. "जमिनीतून आलेली."

"किती ठिकाणी?"

मुलगा बघू लागला. एवढ्यात पटेलने हात वर करून त्याला थांबवलं.

"होतं तर," तो म्हणाला. कालूसिंगकडे न बघता म्हणाला.

मी शेळ्यांच्या मालकिणीकडे बघत होते, ती काय करते म्हणून. तिने पदर कमरेला खोचला आणि दगडावर बसली. शेळ्यांना परत कुणी बोलावलं नाही.